साडेछत्तीस किलो

"आई कुठंय? आई दाखव बरं," मी विचारलं.

वेणूनं हात उचलला आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं, कणगीच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिची आई तर तिच्या शेजारीच बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून.

मी मागं वळून पाहिलं. शेणानं लिंपलेली बांबूची कणगी, तिच्यामागं कुडाची भिंत आणि दोहोंच्या मध्ये एक माणूस उभं राहील एवढी काळोखी फट. बाहेर फाल्गुनातलं ऊन रणरणत होतं, पण त्या घराला खिडकी नव्हती. दारातून येणारा उजेड चुलीपर्यंत पोचून थांबत होता.

"इकडं बघ वेणू. नाक कुठंय?" तिनं नाक दाखवलं. डोळे दाखवले. कान विचारल्यावर केसांना हात लावला. मग मी पुन्हा म्हटलं, "आणि आई?" पुन्हा कणगीकडं. हात सरळ नव्हता, जरासा वर होता. उभ्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं.

शेजारी बसलेल्या बाईनं पदर पुढं ओढून घेतला. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मानसशास्त्रात एम. ए. करून आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले होते. आमचा एक अभ्यास अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांमध्ये चालायचा. लग्न होऊन आलेल्या मुलीचं वजन दिवस जायच्या आधी करून ठेवायचं आणि तिला झालेलं मूल अडीच वर्षांचं झालं की त्याची समज तपासायची. मूल पोटात आलं तेव्हा आई किती हलकी होती, याचा मुलाच्या बोलण्याशी, आठवणीशी, हाताच्या कौशल्याशी काही संबंध लागतो का, हे आमच्या डॉक्टर उपासनींना पाहायचं होतं. मधली दोन वर्षं अभ्यास बंद पडला होता. तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा वजनं करणारी मीच मुलं तपासायला जाऊ लागले. त्या दिवशी करंजदरा नावाच्या अकरा घरांच्या वाडीवर आले होते.

वेणूची तपासणी चांगली चालली नव्हती. त्या वयाची मुलं सहा-सात ठोकळ्यांचा मनोरा रचतात. वेणूनं दोन रचले, तिसरा पडला आणि पडलेल्या ठोकळ्याकडं ती बघत राहिली. तीन पेल्यांपैकी एकाखाली मी तिच्यासमोर लाकडी चिमणी लपवली, तर तिनं एकही पेला उचलला नाही. बोलायची जेमतेम तीन शब्द. एवढ्या सगळ्यात एकच उत्तर तिनं न चाचरता दिलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

"चांगुणे, बाईला पाणी दे," तिची आजी, ठकूबाई, दारातून म्हणाली.

हाक आल्याबरोबर वेणूनं मान वळवली ती कणगीकडं. तिच्यानंतर एका श्वासाएवढ्या अंतरानं शेजारची बाई उठली. ती माझ्यासमोरून गेली आणि सवयीनं माझी नजर खाली, तिच्या पावलांवर गेली.

वजन करणाऱ्या माणसाला बायकांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. काट्याचा आकडा दोन पावलांच्या मध्ये असतो, त्यामुळं आम्ही वाकून पावलंच बघत असतो. या घरच्या चांगुणेची पावलं मला पक्की आठवत होती, कारण तिच्या डाव्या पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं एकमेकांना जुळलेली होती. त्यात जोडवं जात नव्हतं, म्हणून तिनं ते अंगठ्यात घातलं होतं. मी हसले होते, तीही हसली होती. वजन भरलं होतं साडेछत्तीस. सुनेला जरा पोटभर खाऊ घाला, असं ठकूबाईला सांगून मी पुढच्या घरी गेले होते. तेव्हा आम्ही फक्त मोजायचो. आहाराच्या पिशव्या नंतर आल्या.

आता माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवणाऱ्या बाईची दहाही बोटं सुटी होती. जोडवी जिथं असतात तिथंच होती.

मी वेणूचा डावा पाय हातात घेतला. धूळ पुसली. अंगठ्याशेजारची दोन बोटं जुळलेली होती.

"मी तुमचं वजन केलं होतं, आठवतं का?" मी त्या बाईला विचारलं. तिनं दाराकडं पाहिलं.

"तिला काय आठवतंय. तीन वर्सं झाली," ठकूबाई म्हणाली.

मी आणखी काही विचारलं नाही. साहित्य आवरलं. उठताना मात्र कणगीच्या फटीत नीट नजर टाकली. तिथं जमिनीवर एक जर्मनचं ताट होतं. ताटात अर्धी भाकरी आणि उडदाचं घुटं. मी आले तेव्हा ती बाई जेवत होती, तिच्याही ताटात अर्धीच भाकरी होती.

वाडीच्या खाली ओढा आहे. फाल्गुनात त्याला पाणी नसतं, वाळूत झरा खोदून वाटीवाटीनं भरावं लागतं. वजनकाट्याची पिशवी खांद्यावर घेऊन मी तिथवर उतरले, तोवर मागून पावलं वाजली. तीच बाई होती. डोक्यावर रिकामा हंडा होता.

"बाई, माझं वजन करता का?"

"तुमचं केलेलं आहे ना?"

"ते माझं नव्हतं." तिनं हंडा खाली ठेवला. "माझं नाव झुंबर."

मी एक सपाट खडक बघून काटा ठेवला. ती चपळपणे चढली आणि समोरच्या डोंगराकडं बघत उभी राहिली. मी वाकले. आकडा हलला, थांबला. साडेछत्तीस.

मी तिला उतरवलं, काटा उचलून पाहिला, खडकावर पुन्हा बसवला आणि स्वतः चढून उभी राहिले. बावन्न. तेव्हा माझं वजन बावन्नच होतं. तिला परत उभं केलं. साडेछत्तीस.

"किती?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"आन तिचं किती होतं?"

मी काट्यावरची वाळू पुसू लागले. तिनं माझ्या तोंडाकडं बघून मान हलवली. "तेवढंच असंल. आले तवा मी अशी नव्हते, बाई. आता तिसरा महिना चालू हाय."

झुंबर ही चांगुणेची चुलत बहीण. वेणूच्या वेळी चांगुणेला कळा सुरू झाल्या, त्या दिवसभर चालल्या. डोलीत घालून तिला रस्त्याला नेत होते, पण मूल वाटेतच झालं आणि चांगुणा तिथंच गेली. मूल ओंजळीत मावेल एवढं होतं, ते जगलं. दोन महिन्यांनी झुंबरला त्या घरात दिलं. तिच्या गळ्यात आधीच्या बायकोचा टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली तिची प्रतिमा, बांधला. एवढं तर पुष्कळ ठिकाणी करतात. पण या घरची रीत याच्याही पुढची होती. बाळंतपणात गेलेली बाई मुलासाठी घरातच राहते, आणि आपण मेलोय हे तिला कळलं तर ती मूल घेऊन जाते, असं ते मानत. तिला कळू द्यायचं नाही, म्हणून तिचंच नाव नवीकडं चालवायचं. आणि तिला उपाशी ठेवायचं नाही, म्हणून नवीच्या ताटातलं अर्धं कणगीच्या कोपऱ्यात मांडायचं. ते दुसऱ्या कुणाच्या ताटातलं चालत नव्हतं. अंगणवाडीच्या यादीत, आमच्या यादीत, सगळीकडं वेणूची आई चांगुणाच होती आणि जिवंत होती.

"तिच्या नावानं हाक आली की मी ओ देते," झुंबर म्हणाली. "पर माझ्या आधी पोर तिकडं बघती. मला वाटतं, ओ माझ्या आधी कुणीतरी देतंय."

हे ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. मग वाळूत बसून वाटीनं हंडा भरू लागली. मी तिची मानगूट बघत उभी राहिले. मणके मोजता येत होते. नऊवारीच्या घोळात बाई भरलेली दिसते. तेच नाव, तेच घर, तोच आकडा आणि पुढं तीच डोलीची वाट.

मी परत चढून वाडीवर गेले. ठकूबाई ओट्यावर बसून मोहाची फुलं निवडत होती. तिला मोतीबिंदू होता, बोटांनीच चाचपून निवडायची. मी तिच्यासमोर बसले आणि मला काय कळलंय ते सांगितलं. ती रागावली नाही. निवडायचीही थांबली नाही.

"तुझ्या कागदात चांगुणा हाय का?"

"आहे."

"जित्ती हाय?"

"कागदावर आहे."

"मंग हायच. आपल्या हातानं पुसू नको तिला. पोरीवर येईल."

मी तिला झुंबरचं वजन सांगितलं. चांगुणेचं तेवढंच होतं, हेही सांगितलं. ही सूनही तशीच जाईल, आणि तिचं मूल राहिलं तर वेणूसारखं मागं पडेल, असंही म्हणाले. वेणू मागं आहे हे घरात कुणी मोठ्यानं म्हटलं नसावं. ठकूबाईचे हात थांबले.

"माझ्या हातात काय हाय?" ती म्हणाली. "तिचं ताट बंद केलं तर ती कुनाकडं मागंल?"

तिथं बसल्या बसल्या मी जे केलं ते करायला नको होतं, आणि ते पुन्हाही केलं असतं. त्या वर्षी आमच्या संस्थेनं अडतीस किलोंच्या आतल्या बायकांना, गर्भार असोत वा लहान मूल असलेल्या, महिन्याला एक पिशवी द्यायला सुरुवात केली होती. शेंगदाणे, नाचणीचं पीठ, डाळ, गूळ. मी फॉर्म काढला. घरात सुना दोन, असं लिहिलं. चांगुणा, साडेछत्तीस, मूल अडीच वर्षांचं. झुंबर, साडेछत्तीस, तिसरा महिना.

"चांगुणेच्या नावानं वेगळी पिशवी येईल," मी ठकूबाईला म्हणाले. "तिचं ताट त्यातून वाढा. झुंबरच्या ताटातलं काढायचं नाही."

तिनं फुलं बाजूला सारली. "ती मानंल?"

"तिच्याच नावावर येणार आहे. तिचंच आहे ते."

ठकूबाईनं घराच्या काळोखाकडं तोंड केलं, जणू कुणाला विचारतेय. मग म्हणाली, "आन मंग पिशवी."

पुढचे सहा महिने मी दर महिन्याला दोन पिशव्या घेऊन करंजदऱ्याला चढत होते. एक जिवंत बाईची, एक मेलेल्या बाईची. झुंबर सदतीस झाली, एकोणचाळीस झाली, सहाव्या महिन्यात एक्केचाळीस. हाक मात्र तिला चांगुणा म्हणूनच यायची. वेणूही बदलत होती. गाल भरले होते. मला बघून ती "चिऊ" म्हणाली आणि माझ्या पिशवीतली लाकडी चिमणी मागू लागली.

आषाढात एकदा अशीच दुपारी पोचले, तर घरात कुणी बोलत नव्हतं. झुंबर चुलीपाशी बसून कणगीकडं बघत होती. तिनं मला बोटानं गप्प राहायची खूण केली. फटीत वेणू बसली होती, आमच्याकडं पाठ करून. समोर ताट. ती नाचणीच्या भाकरीचे तुकडे करून खात होती.

"रोजच खाती," झुंबर हळू आवाजात म्हणाली. "दात आले तवापासनं. रांगत जायची. आत्याबाईला दिसत नाय. ताट रिकामं लागलं की त्यांना वाटतं, ती जेवली."

मला एकदम सुटल्यासारखं झालं. पोरीला जिथून खायला मिळतं तिथं ती आई दाखवत होती. त्यात न समजण्यासारखं काय होतं? आणि चांगुणेच्या नावानं मी आणलेली पिशवी चांगुणेच्याच लेकीच्या पोटात जात होती. ज्या चुकीनं मला झोप लागत नव्हती, ती फळाला आली होती.

मग वेणू खाता खाता थांबली. तिनं मान वर केली. ताटाकडं नाही, वर, उभ्या माणसाच्या तोंडाकडं बघावं तशी. थोडा वेळ तशीच राहिली, ऐकत असल्यासारखी. मग मान हलवली आणि पुन्हा खाऊ लागली.

मी झुंबरकडं पाहिलं. "हेबी रोजच," ती म्हणाली.

परत गेल्यावर मी डॉक्टर उपासनींना सगळं सांगितलं. म्हणजे पावलांचं, नावाचं, खोट्या फॉर्मचं सांगितलं. शेवटचं सांगितलं नाही. त्यांनी वेणूचा कागद पुढं ओढला. वेणूचा निकाल आता अभ्यासात धरता येणार नाही, म्हणाले. आई नसलेल्या मुलीचं मागं पडणं आईच्या वजनामुळं की आई नसल्यामुळं, हे कसं सांगणार? त्यांनी तिच्या नावावर रेघ मारली. पिशव्यांच्या यादीवर मात्र मारली नाही, बाळंतपण होईपर्यंत दोन्ही जाऊ देत, म्हणाले. दोन वर्षांनी अभ्यासाचा निष्कर्ष आला: फार हलक्या आयांची मुलं थोडी मागं राहतात, सरासरीनं. वेणू त्या सरासरीत नाही. ती पाचव्या वर्षी नीट वाक्यं बोलू लागली, सातवीपर्यंत शिकली आणि आज एका आश्रमशाळेत स्वयंपाक करते. मुलांना वाढताना ती कुणाचंही ताट अर्धं ठेवत नाही, असं तिथल्या बाई मला म्हणाल्या.

झुंबरला भाद्रपदात, दिवस भरायच्या आठवडाभर आधीच, तालुक्याच्या इस्पितळात आणून ठेवावं असं मी सांगितलं होतं. ठकूबाई नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण ती स्वतः काठी टेकत तिच्याबरोबर डोंगर उतरून आली. वेणू बापाच्या खांद्यावर होती. दाखल करताना कारकुनानं नाव विचारलं. झुंबर सासूकडं बघून थांबली. ठकूबाईही थांबली. कारकुनानं पुन्हा विचारलं, तेव्हा ठकूबाई म्हणाली, "झुंबर. झुंबर लिव्ह." आणि घाबरून मागं वळून पाहिलं. मागं इस्पितळाचा रिकामा व्हरांडा होता.

चौथ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. आदल्या तपासणीत झुंबरचं वजन सेहेचाळीस भरलं होतं. मी आणि ठकूबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. वेणू खाली फरशीवर माझे ठोकळे रचत होती. पाच झाले होते. मी ठकूबाईला धीर द्यावा म्हणून म्हणाले, की झुंबरला काही होणार नाही, आणि चांगुणाही आता शांत होईल, तिच्या मुलीचं चांगलं चाललंय.

"चांगुणा लई गरीब होती," ठकूबाई म्हणाली. "तिचं मला कधीच भ्या वाटलं नाय."

"मग?"

"त्या कोपऱ्यात चांगुणा येयाच्या आधीपासनं ताट हाय. मी लगीन होऊन आले तवाबी होतं. माझ्या ताटातलं अर्धं काढायची सासू." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "ठकू माझं नाव नाय, बाई. ठकू माझ्या आधीची."

मी वेणूकडं पाहिलं. ती सहावा ठोकळा हातात धरून तोलत होती.

"मग वेणू कुणाला आई म्हणते? कुणाकडं बोट करते?"

"त्येच मला कळंना. पोरीला इचारलं तर सांगत नाय." ती वेणूच्या दिशेनं तोंड करून बसली. "माझी पयली दोन पोरं अशीच होती. उशिरा बोलायची. तीबी तिकडंच बघायची. त्या साली माझ्या अंगावर काय नव्हतं, बाई. काट्यावर ठेवली असती तर काटा हालला नसता. दोन्ही गेली."

मी विचारलं, "तुमचं खरं नाव काय?"

ती गप्प बसली. आधी मला वाटलं, सांगायचं नाही म्हणून. पण तिचे ओठ हलत होते. एक अक्षर जुळवून पाहायची, ते सोडून दुसरं धरायची. भुवया आवळल्या होत्या. कपाळावर घाम आला होता.

"थांब," ती म्हणाली. "सांगते."

आतून बाळाचं रडणं आलं. थोड्या वेळानं नर्स दारात येऊन म्हणाली, मुलगी आहे, दोन किलो सहाशे, आई बरी आहे. मी उठले. ठकूबाईचा दंड धरून तिला उठवायला गेले, पण ती जागची हलली नाही. तिनं माझा हात बाजूला केला आणि डोळे मिटून तशीच आठवत बसून राहिली.